स्पॅनिंग ट्रीला संरक्षण: कोणत्या पोर्टवर कोणता गार्ड लावायचा

दोन कोअर, म्हणजे मध्यवर्ती, स्विच आणि प्रत्येक इमारतीतून दोन्हीकडे जाणारी एकेक फायबर, ही रचना आता कॉलेजात, रुग्णालयात, कारखान्यात सगळीकडे दिसते. एक फायबर तुटली तरी काम चालू राहावं, हा हेतू. पण दुसरी फायबर जोडताक्षणी नेटवर्कमध्ये एक वर्तुळ, म्हणजे लूप, तयार होतं आणि ते एका जागी तोडून ठेवायची सगळी भिस्त स्पॅनिंग ट्री या स्विचच्या प्रोटोकॉलवर येते. ती चुकली, तर एक फायबर तुटण्यापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं.

कारण सरळ आहे. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, प्रत्येक राऊटरवर तो एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेमला असं काहीच नाही. लूप लागला की एक एआरपी ब्रॉडकास्ट, म्हणजे कोणाचा तरी पत्ता विचारायला सगळ्यांना पाठवलेली फ्रेम, फिरतच राहतो आणि प्रत्येक स्विच त्याच्या प्रती सगळ्या पोर्टवर पाठवत राहतो. एका गिगाबिट लिंकवरून सगळ्यात लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात, आणि लूपमध्ये तो आकडा गाठायला फार वेळ लागत नाही. रॅकसमोर उभं राहिलं तर सगळ्या पोर्टचे दिवे एकाच लयीत, न थांबता लुकलुकताना दिसतात. कन्सोलवर टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायलाही वेळ लागतो. एकच मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, क्षणात या पोर्टवर, क्षणात त्या पोर्टवर दिसत असल्याच्या ओळी लॉगमध्ये धावत असतात.

बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये हेच घडलं. वर्षानुवर्षं जोडत नेलेलं सपाट नेटवर्क, काही भागांत मर्यादेपेक्षा लांब झालेली स्विचची साखळी आणि त्यात अचानक वाढलेली रहदारी. स्पॅनिंग ट्री कोलमडली आणि रुग्णालयाला सुमारे चार दिवस कागद-पेनवर काम करावं लागलं. तिथले माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी पुढे याबद्दल जाहीरपणे सांगितलं. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण वाचलेलं असावं.

स्पॅनिंग ट्रीची मूळ रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डीईसी कंपनीत असताना बसवली आणि १९९० मध्ये ती ८०२.१डी या मानकात आली. एक गोष्ट मात्र तेव्हापासून तशीच आहे: बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात तो संदेश, कोणी पाठवला याची कसलीही पडताळणी होत नाही. जो बोलेल त्याच्यावर स्विच विश्वास ठेवतो, आणि समोरचा गप्प झाला तर तिथे कोणी नाही असं धरून चालतो. सगळे गार्ड या दोन भाबडेपणांवरचे इलाज आहेत. म्हणून माझा आग्रह असतो की प्रत्येक पोर्टच्या पलीकडे कोण असायला हवं हे आधी आपण ठरवावं आणि ते कॉन्फिगरेशनमध्ये लिहून ठेवावं. गार्ड लावणं म्हणजे हेच लिहिणं.

पुढचं सगळं सिस्को कॅटॅलिस्ट स्विच धरून सांगतो. कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत, स्विचवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

आधी नकाशा

कॉन्फिगरेशनला हात लावण्यापूर्वी एक दुपार नकाशासाठी काढा. प्रत्येक स्विचवर ‘शो सीडीपी नेबर्स’ आणि ‘शो एलएलडीपी नेबर्स’ चालवून कोण कोणाला कोणत्या पोर्टवर जोडलंय ते कागदावर मांडा. मग ‘शो स्पॅनिंग-ट्री रूट’ पाहा. रूट म्हणजे ज्याला मूळ धरून बाकी स्विच आपलं झाड बसवतात तो स्विच. कोणी कधी लक्ष घातलं नसेल तर रूट भलत्याच ठिकाणी सापडतो, बहुधा एखाद्या मजल्यावरच्या सगळ्यात जुन्या स्विचवर. सगळ्यात कमी प्रायॉरिटीचा स्विच रूट होतो; मुळात सगळ्यांची प्रायॉरिटी ३२७६८ असते, बरोबरी झाली की सगळ्यात लहान मॅक ॲड्रेस जिंकतो, आणि एकाच कंपनीचे स्विच असतील तर जुन्याचा मॅक ॲड्रेस बरेचदा लहान असतो. मग दोन कोअरमधली जाड लिंक ब्लॉक होते आणि सगळी रहदारी त्या म्हाताऱ्या ॲक्सेस (म्हणजे मजल्यावरच्या, वापरणाऱ्यांना जोडणाऱ्या) स्विचमधून जाते.

आता प्रत्येक पोर्टला तीनपैकी एका गटात टाका. कडेचे पोर्ट, म्हणजे ज्यांना पीसी, प्रिंटर, कॅमेरा, फोन लागतो. कोअरवरून खाली ॲक्सेस स्विचकडे जाणारे पोर्ट, म्हणजे डाऊनलिंक. आणि वर किंवा आडवे जाणारे पोर्ट, म्हणजे ॲक्सेसचे अपलिंक व दोन कोअरमधली लिंक. कोणत्याच गटात न बसणारा पोर्ट उरला, तर तिथे जाऊन केबल हातात धरून बघा. तो प्रश्न नंतरवर टाकू नका.

रूट आपण नेमायचा

दोन्ही कोअरवर प्रायॉरिटी आकड्यातच द्या. (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क.)

कोअर-१: स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १-४०९४ प्रायॉरिटी ४०९६
कोअर-२: स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १-४०९४ प्रायॉरिटी ८१९२

‘रूट प्रायमरी’ ही सोपी कमांड आहे, पण ती त्या घडीला नेटवर्कमध्ये जो रूट असेल त्याच्याशी तुलना करून एकदाच आकडा ठरवते. उद्या कोणी त्याहून कमी आकड्याचा स्विच आणला तर ती आपोआप सुधारत नाही. आकडा ४०९६ च्या पटीतच द्यावा लागतो. शो कमांडमध्ये त्यात व्हीलॅनचा क्रमांक मिळवलेला दिसतो, म्हणजे व्हीलॅन १० साठी ४१०६. हे पाहून गोंधळू नका. शून्य मी वापरत नाही. कोअर बदलायची वेळ आली की जुना हलवण्याआधी नव्याला रूट करता येतो, त्यासाठी ती जागा मोकळी ठेवलेली बरी.

व्हीलॅनचा गेटवे (बाहेर जायचा रस्ता) एचएसआरपी किंवा व्हीआरआरपीने, म्हणजे एक पडला तर दुसरा सांभाळेल अशा सोयीने, दोन कोअरवर असेल, तर ॲक्टिव्ह गेटवे आणि रूट एकाच स्विचवर ठेवा. नाहीतर प्रत्येक पॅकेट दोन कोअरमधल्या लिंकवरून उगाच एक फेरी मारतं.

रूट बदलताना झाड नव्याने बसतं, म्हणून हे काम मेंटेनन्स विंडोमध्येच करा.

मोड

स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी

जुन्या मोडमध्ये पोर्ट लिसनिंगमध्ये १५ आणि लर्निंगमध्ये १५ सेकंद काढतो. दूरवरचा बिघाड असेल तर आधीचे मॅक्स एजचे २० सेकंद धरून ५० होतात. रॅपिडमध्ये, म्हणजे २००१ च्या ८०२.१डब्ल्यूमध्ये, दोन स्विच एकमेकांशी थेट बोलून हे क्षणात उरकतात, पण ते पॉइंट-टू-पॉइंट लिंकवरच. ‘शो स्पॅनिंग-ट्री’च्या शेवटच्या रकान्यात अपलिंकसमोर ‘पी२पी’ऐवजी ‘एसएचआर’ दिसलं, तर लिंक हाफ डुप्लेक्सवर अडकली आहे. आधी ते दुरुस्त करा. हॅलो, मॅक्स एज वगैरे टायमरना हात लावू नका.

ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या लिंकवर, लागतील तेवढेच व्हीलॅन जाऊ द्या. बऱ्याच ॲक्सेस स्विचवर स्पॅनिंग ट्रीच्या (प्रत्येक व्हीलॅनला एक) १२८ प्रतीच चालतात. त्यापुढच्या व्हीलॅनवर स्पॅनिंग ट्री चालतच नाही आणि लॉगमधली ओळ पाहिली नाही तर हे सहज लक्षात येत नाही.

कडेचे पोर्ट: पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड

सगळ्यात जास्त लूप इथूनच येतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पोर्टफास्ट म्हणजे पोर्टला वाट न पाहता फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे रहदारी पुढे पाठवायला, आणणारी सोय. त्यामुळे पीसीला लगेच आयपी मिळतो, हा फायदा सगळ्यांना ठाऊक असतो. रॅपिड मोडमध्ये त्याहून मोठी दोन कारणं आहेत. पोर्टफास्ट नसलेला पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये आला की स्विच त्याला टोपोलॉजी बदल समजतो आणि सगळीकडची मॅक टेबलं पुसली जातात. सकाळी साडेनऊला शंभर पीसी चालू झाले की शंभरदा पुसली जातात, आणि प्रत्येक वेळी अनोळखी फ्रेमचा पूर येतो. शिवाय अपलिंक बदलली की असे पोर्ट आधी ब्लॉक होतात आणि मग ३० सेकंदांनी सावरतात. म्हणजे कोअर क्षणात सावरतो आणि वापरणारे मात्र अर्धा मिनिट अडकून पडतात.

बीपीडीयू गार्ड ही पोर्टफास्टची जोडीदार. पोर्टवर एक बीपीडीयू जरी आला तरी पोर्ट एररडिसेबल होतो, म्हणजे स्विच तो बंद करतो.

स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट डिफॉल्ट
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट बीपीडीयूगार्ड डिफॉल्ट

सिस्कोच्या नव्या आयओएस एक्सई सॉफ्टवेअरमध्ये यात ‘पोर्टफास्ट’नंतर ‘एज’ हा शब्द येतो. ही डिफॉल्ट कमांड ॲक्सेस मोडमधल्या पोर्टनाच लागते, म्हणून कडेच्या प्रत्येक पोर्टवर ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ स्पष्ट लिहा. डायनॅमिकवर सोडलेला पोर्ट म्हणजे कोण येईल ते न ठरवता उघडा ठेवलेला दरवाजा.

लावण्याआधी एक तपासणी कराच. ‘शो स्पॅनिंग-ट्री डिटेल’मध्ये प्रत्येक पोर्टखाली बीपीडीयू किती पाठवले आणि किती आले याची एक ओळ असते. कडेच्या पोर्टवर पाठवलेले हजारोंत असणं ठीक आहे, पण ‘रिसीव्ह्ड’समोर शून्याशिवाय काहीही असेल तर पलीकडे कोणीतरी स्विच लावून ठेवलाय. गार्ड लावताच तो पोर्ट पडेल आणि त्यामागचे सगळे लोक फोन करतील. आधी तिथे जाऊन या. स्विचची खरंच गरज असेल तर त्या पोर्टला डाऊनलिंकच्या गटात टाका.

आता गार्ड काम कसं करतो ते एका नेहमीच्या प्रसंगावरून पाहू. आयपी फोनला मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडचा आणि एक पीसीसाठी. ऑफिसात टेबलं हलवली जातात. फोनमधून निघालेली पीसीची वायर मोकळी लोंबत असते. आवराआवर करणारा माणूस ती नीट दिसावी म्हणून भिंतीतल्या रिकाम्या आयओमध्ये (नेटवर्कच्या सॉकेटमध्ये) खोचून ठेवतो. फोनच्या आतला लहानसा स्विच बीपीडीयू पुढे जाऊ देतो, त्यामुळे आपल्याच स्विचने १७ नंबरच्या पोर्टवरून पाठवलेला बीपीडीयू १८ नंबरवर परत येतो. गार्ड नसेल तर पोर्टफास्टमुळे दोन्ही पोर्ट आधीच फॉरवर्ड करत असतात आणि बीपीडीयू पोहोचेपर्यंत वादळाला वाट मोकळी असते. गार्ड असेल तर लॉगमध्ये एवढीच ओळ येते: ‘रिसीव्ह्ड बीपीडीयू ऑन पोर्ट गिगाबिटइथरनेट १/०/१८ विथ बीपीडीयू गार्ड एनेबल्ड. डिसेबलिंग पोर्ट.’ एक पोर्ट बंद झाला, बाकी ऑफिसला पत्ताही लागला नाही.

बंद पोर्ट आपोआप उठवायचा का? ‘एररडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड’ लावलं तर दर ३०० सेकंदांनी स्विच पोर्ट पुन्हा उघडून पाहतो. जिथे माणूस पोहोचायला दिवस लागतो अशा दूरच्या शाखेत मी हे लावतो. मुख्य कार्यालयात लावत नाही, कारण पोर्ट का पडला हे कोणीतरी जाऊन पाहायलाच हवं.

सर्व्हरचं थोडं वेगळं आहे. व्हर्च्युअलायझेशनचा होस्ट ट्रंकवर असतो, त्यामुळे वरचं डिफॉल्ट त्याला लागत नाही. त्याच्या पोर्टवर ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट ट्रंक’ आणि ‘स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल’ वेगळं लिहा. पण एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये कोणी ब्रिज चालू केला आणि तिने बीपीडीयू बाहेर सोडला, तर अख्ख्या होस्टचा पोर्ट पडतो. होस्ट मग दुसऱ्या अपलिंकवर सरकतो आणि तीही पडते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये पाहुण्या मशीनचे बीपीडीयू अडवायची सोय आहे, ‘नेट.ब्लॉकगेस्टबीपीडीयू’. गार्ड लावण्यापूर्वी ती चालू करून घ्या.

बीपीडीयू फिल्टरपासून दूर राहा. नाव गार्डसारखंच वाटतं, पण पोर्टवर तो लावला की स्विच बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेले ऐकतही नाही. त्या पोर्टपुरती स्पॅनिंग ट्री बंदच. गार्डमुळे पोर्ट पडतोय म्हणून तक्रार आली आणि कोणीतरी फिल्टर टाकून ती मिटवली, अशी कॉन्फिगरेशन फार पाहायला मिळतात. ‘शो रनिंग-कॉन्फिग’मध्ये हा शब्द शोधा आणि प्रत्येक जागेचा जाब विचारा.

कोअरचे खाली जाणारे पोर्ट: रूट गार्ड

खालच्या स्विचने कधीच रूट व्हायचं नाही, हे इथे लिहायचं. दोन्ही कोअरवर, ॲक्सेसकडे जाणाऱ्या पोर्टवर:

स्पॅनिंग-ट्री गार्ड रूट

खालून आपल्या रूटपेक्षा वरचढ बीपीडीयू आला की तो पोर्ट रूट-इनकन्सिस्टंट होतो आणि रहदारी थांबते. तो बीपीडीयू यायचा थांबला की पोर्ट आपणहून सुरू होतो, एररडिसेबलसारखं उठवावं लागत नाही.

दोन कोअरमधल्या लिंकवर हा लावू नका. कोअर-२ चा रूट पोर्ट तिथेच असतो, त्याला कोअर-१ चे बीपीडीयू यायलाच हवेत. ॲक्सेसच्या अपलिंकवरही नाही, कारण तेच.

अपलिंक: लूप गार्ड आणि यूडीएलडी

आतापर्यंत भीती होती नको तो बोलण्याची. इथे ती समोरचा गप्प होण्याची आहे.

फायबरच्या जोडीतली एकच तार खराब झाली किंवा एसएफपीचा (फायबर लागते त्या मॉड्यूलचा) लेझर अर्धवट मेला, असं समजा. ॲक्सेस स्विचचा ब्लॉक असलेला पोर्ट वरून येणारे बीपीडीयू ऐकत होता, ते बंद झाले. रॅपिड मोडमध्ये तीन हॅलो (दर दोन सेकंदांनी येणारे बीपीडीयू), म्हणजे ६ सेकंद वाट पाहून तो ठरवतो की पलीकडे आता कोणी नाही, आणि पोर्ट उघडतो. वर पाठवायची तार अजून चालू आहे. लूप पूर्ण. लिंकचा दिवा मात्र हिरवा राहू शकतो, त्यामुळे शोधायला हा बिघाड फार त्रासाचा.

सगळ्या स्विचवर लिहा:

स्पॅनिंग-ट्री लूपगार्ड डिफॉल्ट
यूडीएलडी एनेबल

लूप गार्ड असा गप्प झालेला पोर्ट उघडू देत नाही, लूप-इनकन्सिस्टंट करून ठेवतो, आणि बीपीडीयू पुन्हा आले की सोडतो. रूट गार्ड आणि लूप गार्ड एका पोर्टवर एकत्र चालत नाहीत. ज्यावर रूट गार्ड लिहिलाय तिथे तोच राहतो आणि ते बरोबरच आहे. यूडीएलडी खाली, तारेच्या पातळीवर, माझं बोलणं समोरच्याला ऐकू येतंय का हे तपासतो. वरची कमांड फायबर पोर्टनाच लागते आणि दोन्ही टोकांना ती हवी. मी साधा मोड ठेवतो. ॲग्रेसिव्ह मोड नुसती शांतता दिसली तरी पोर्ट बंद करतो, आणि ती शांतता सांभाळायला लूप गार्ड आहेच.

दोन लिंक एकत्र बांधत असाल तर दोन्ही टोकांना एलएसीपी, म्हणजे बांधणी दोन्हीकडे जुळते का हे पाहणारा प्रोटोकॉल, ॲक्टिव्ह ठेवा. ‘मोड ऑन’ने एका टोकाला बांधलेल्या आणि दुसऱ्या टोकाला सुट्या राहिलेल्या लिंक हे लूपचं जुनं कारण आहे.

बीपीडीयू गिळणारे स्वस्त स्विच

टेबलाखालचे काही पाच पोर्टचे अनमॅनेज्ड स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत. त्यांच्या दोन पोर्टमध्ये एकच पॅच कॉर्ड लागली तर आत वादळ सुरू होतं आणि बीपीडीयू गार्डला ते दिसतच नाही. तिथे स्टॉर्म कंट्रोल कामी येतो. कडेच्या पोर्टवर:

स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल १.००
स्टॉर्म-कंट्रोल ॲक्शन ट्रॅप

गिगाबिट पोर्टचा १ टक्का म्हणजे १० एमबीपीएस, साध्या पीसीच्या ब्रॉडकास्टला भरपूर. मर्यादेवरचे फ्रेम टाकून दिले जातात आणि तुम्हाला ट्रॅप, म्हणजे सूचना, येतो. महिनाभर ट्रॅप बघून खात्री पटली की ॲक्शन शटडाऊन करा. मल्टिकास्टला हीच मर्यादा आंधळेपणाने लावू नका. लॅबमध्ये एका वेळी तीस पीसींवर इमेज टाकणारी सॉफ्टवेअर बरेचदा मल्टिकास्टच वापरतात.

वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असतील तर

पीव्हीएसटी सिस्कोचं स्वतःचं आहे. व्हीलॅन १ सोडून बाकी व्हीलॅनचे बीपीडीयू ते वेगळ्या मल्टिकास्ट पत्त्यावर पाठवतं, आणि बाकी कंपन्यांचे बरेच स्विच त्यांना साधा डेटा समजून पुढे ढकलतात. मिश्र नेटवर्कमध्ये सरळ एमएसटीपी या सर्वमान्य स्पॅनिंग ट्रीवर या. रीजनचं नाव, रिव्हिजन क्रमांक आणि व्हीलॅनची वाटणी प्रत्येक स्विचवर तंतोतंत सारखी हवी. एक अक्षर चुकलं तरी तो स्विच वेगळा रीजन मानला जातो. एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह स्विचवर स्पॅनिंग ट्री मुळात बंदच येते, ती आधी चालू करा. गार्ड तिथेही आहेत, नावं वेगळी: प्रोकर्व्हवर ‘बीपीडीयू-प्रोटेक्शन’, ज्युनिपरवर ‘बीपीडीयू-ब्लॉक-ऑन-एज’ आणि रूट गार्डसाठी ‘नो-रूट-पोर्ट’.

चाचणी

मेंटेनन्स विंडोत, कन्सोल केबल लावून बसा. एका ॲक्सेस स्विचच्या दोन कडेच्या पोर्टमध्ये पॅच कॉर्ड लावा. निदान एक पोर्ट लगेच एररडिसेबल व्हायला हवा. मग प्रायॉरिटी शून्य दिलेला सुटा स्विच एखाद्या ॲक्सेस स्विचच्या मोकळ्या पोर्टला जोडा, त्या पोर्टवरचा बीपीडीयू गार्ड तेवढ्यापुरता काढून. कोअरवर ‘शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स’मध्ये त्या ॲक्सेस स्विचकडे जाणारा पोर्ट दिसला पाहिजे. त्या वेळी त्या ॲक्सेस स्विचमागचं सगळं तुटेल, म्हणून वापरात नसलेली इमारत निवडा. शेवटी पिंग चालू ठेवून एक अपलिंक उपसा. एकदोन पिंग चुकले तर ठीक, तीस सेकंद गेले तर कुठेतरी जुना मोड किंवा पोर्टफास्ट नसलेला पोर्ट उरलाय. लूप गार्डची परीक्षा मात्र लॅबमध्येच करा. ती करायला समोरच्या टोकावर बीपीडीयू फिल्टर टाकून शांतता पाडावी लागते, आणि गार्ड लिहायचा राहिला असेल तर खराच लूप लागतो.

त्यानंतर आठवड्यातून एकदा ‘शो स्पॅनिंग-ट्री डिटेल’मध्ये टोपोलॉजी बदलांची संख्या आणि शेवटचा बदल कोणत्या पोर्टवरून आला ते पाहत जा. तो आकडा रोज शेकड्यांनी वाढत असेल तर त्या पोर्टचा माग काढत एकेक स्विच पुढे जा. टोकाला बहुतेक वेळा पोर्टफास्ट राहून गेलेला पीसी किंवा हलणारी फायबर सापडते.

लूप लागलाच तर

एसएसएच विसरा, कन्सोल घेऊन कोअरपाशी जा. आधी सगळ्या इमारतींच्या कोअर-२ कडच्या लिंक काढा, म्हणजे अपलिंकची वर्तुळं उरणार नाहीत. वादळ थांबलं, तर दोष अपलिंकमध्ये आहे. लिंक एकेक करून परत जोडा आणि प्रत्येकीनंतर मिनिटभर थांबा. थांबलं नाही, तर लूप एखाद्या ॲक्सेस स्विचच्या खाली आहे. ‘शो इंटरफेसेस’मध्ये ज्या पोर्टचा इनपुट रेट छताला टेकलाय आणि आलेल्या ब्रॉडकास्टची संख्या झपाट्याने वाढतेय, त्या दिशेने खाली उतरा. आउटपुट रेटकडे पाहू नका, तो सगळ्यांचाच वाढलेला असतो. दोषी पोर्ट सापडला की तो ‘शटडाऊन’ करा, आणि केबल काढण्याआधी तिचं दुसरं टोक कुठे जातं ते लिहून घ्या.